घोडा एक, किमती दोन

बॅलीकॅसलला रेल्वे जात नाही. बॅलीमनीपासून इथवर अरुंद रुळांची एक गाडी १८८० साली सुरू झाली होती, ती १९५० मध्ये बंद पडली. एरवी त्यावाचून कुणाचं अडत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं, जेमतेम पाच हजार वस्तीचं हे गाव. रॅथलिन बेटावर जाणारे, गोल्फ खेळणारे आणि पाऊस थांबायची वाट बघणारे, एवढेच बाहेरचे लोक तिथे दिसतात. पण ऑगस्टचा शेवटचा सोमवार आणि मंगळवार, असे दोन दिवस तिथे आउल्ड लॅमस फेअर भरते. सोमवारी सगळ्या उत्तर आयर्लंडला सुट्टी असते आणि बेलफास्टपासून डेरीपर्यंतच्या गाड्या त्या एवढ्याशा गावाकडे वळतात. शेवटच्या टप्प्यात आमची गाडी इतकी रखडली, की बाजूच्या कुरणातल्या मेंढ्या एकेक करून मोजता आल्या असत्या. अण्णांनी मोजल्या नाहीत, पण प्रत्येक कळपाबद्दल आपलं मत दिलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. खटाव तालुक्यातले शेतकरी, माळकरी, आणि उमेदीच्या काळात खिल्लार बैलांचे नादिक. उन्हाळ्यापुरते माझ्याकडे बेलफास्टला आले होते. शहरात त्यांचं मन काही रमेना. टायटॅनिकचं ते मोठं संग्रहालय दाखवलं, तर बाहेर आल्यावर म्हणाले, "बुडालेल्या बोटीचं एवढं कौतुक?" यावर बेलफास्टकरांचं उत्तर ठरलेलं असतं, 'इथून निघाली तेव्हा ठणठणीत होती.' ते मी त्यांना सांगितलं. ते हसले, पण लगेच मूळ मुद्द्यावर आले. "इथं जनावरं कुठं बघायला मिळतात?" म्हणून लॅमस फेअर. माझं स्वतःचं जत्रेशी फार सख्य नाही. गर्दी, चिखल आणि लाउडस्पीकर या तिन्ही गोष्टी मी नोकरी लागल्यापासून टाळत आले आहे.

रस्त्यात आणखी एक गोष्ट दिसत राहते आणि ती न सांगता पुढे जाणं बरं नाही. उत्तर आयर्लंडमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये गाडीतून फिरलं की गाव कुणाचं, हे पाटी वाचायच्या आधी कळतं. एका गावात विजेच्या खांबांवर ब्रिटिश झेंडे आणि फूटपाथच्या कडा लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवलेल्या. पुढच्या गावात आयर्लंडचा हिरवा-पांढरा-केशरी तिरंगा. पहिलं बहुतेक प्रॉटेस्टंटांचं, दुसरं कॅथलिकांचं. अण्णांनी विचारलं, "निवडणूक आहे का?" मी म्हटलं, "नाही अण्णा, हे कायमचंच आहे." बॅलीकॅसल हे कॅथलिक बहुसंख्येचं गाव. पण जत्रेच्या दिवशी तिथे दोन्हीकडचे लोक येतात. घोडा विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचा धर्म विचारून परवडत नाही. यातून मोठा सलोख्याचा निष्कर्ष काढायची मला घाई नाही, कारण संध्याकाळी सगळे आपापल्या रंगाच्या गावीच परत जातात. तरी ते दोन दिवस मधे येतात, एवढं खरं.

गाडी गावाबाहेर लावून चालत आत शिरायचं. गावाचा मधला चौक म्हणजे 'द डायमंड'. आयर्लंडच्या या उत्तर भागात चौकाला डायमंड म्हणायची रीत आहे. तिथे १७५६ सालचं उंच मनोऱ्याचं चर्च आहे. ते बांधणारा ह्यू बॉइड हा अठराव्या शतकातला इथला जमीनदार. त्याने गावात कोळशाच्या खाणी चालवल्या, काचेचा कारखाना काढला, बंदर बांधलं. त्याच्यामागे हळूहळू खाणी गेल्या, कारखाना गेला, बंदर गाळानं भरलं. उरलं चर्च आणि उताराचे रस्ते. डायमंडपासून ॲन स्ट्रीट आणि पुढे 'की रोड' (Quay Road) असा रस्ता थेट समुद्राकडे उतरतो, आणि या दोन दिवसांत त्याच्या दोन्ही बाजूंना टेकायला बोटभर जागा नसते.

काय विकतात? मोजे. डझनावारी मोजे. पान्यांचे संच, कुत्र्यांच्या गाद्या, मोबाइलची कव्हरं, प्लास्टिकचे ट्रॅक्टर, चादरी, बागेत ठेवायचे सिमेंटचे ससे, फुटबॉल संघांचे टॉवेल. जत्रा 'पारंपरिक' आहे असं वाचून आलेला माणूस इथे थोडा हिरमुसतो. चहाच्या रांगेत आमच्या पुढे उभ्या असलेल्या आजीबाई तर उघडच म्हणाल्या, की हा सगळा परदेशी कचरा आहे, त्यांच्या लहानपणी फेअर वेगळीच असायची. त्यांच्या हातातल्या पिशवीत मोज्यांचे चार-पाच जोड होते.

मला त्यांचं पटलं नाही. आयर्लंडमधल्या जत्रा कधीच निव्वळ हातमागाच्या आणि लाकडी खेळण्यांच्या नव्हत्या. जुन्या वर्णनांतही चिनीमातीच्या स्वस्त बश्या टोपल्यांनी विकणारे आहेत, रिबिनी आणि सुया विकणारे आहेत, जुने कपडे गाड्यावर ढिगानं घालून ओरडणारे आहेत. कारखान्यातला स्वस्त माल गावच्या माणसापर्यंत पोचवणं हे जत्रेचं कामच होतं. कारखान्याचा देश बदलला, एवढंच. खाली समुद्राकाठी हस्तकलेच्या वस्तूंचे काही नीटनेटके तंबू होते. तिथे समुद्रशेवाळाचा साबण होता, त्यावर सुतळी बांधलेली होती आणि किंमत छापलेली होती. कुणी घासाघीस करत नव्हतं. ते तंबू छान होते, पण तसे तंबू कुठेही असतात.

जत्रा खरी कुठे होती, तर वरच्या रस्त्यावर एका ट्रकच्या मागच्या फळीवर उभ्या असलेल्या माणसापाशी. गालाशी माइक लावलेला, घसा बसलेला. हातात तव्यांचा संच. चाळीस पौंड मागत नाही, म्हणाला. तीस पण नाही. वीस म्हणालो तर माझी आई मला घरात घेणार नाही. प्रत्येक आकड्याला एक तवा खाली आपटायचा आणि संचात एक नवी वस्तू टाकायचा: झाकण, सुरी, आणखी एक सुरी. गर्दीतली पहिली नोट वर गेली की त्याच्या बाजूची पोरं भराभर पिशव्या वाटत सुटायची. अण्णांना त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं, पण आकडे कळत होते आणि आवाजाची चढउतार तर पूर्ण कळत होती. ते हलायलाच तयार नव्हते. "पहिली नोट त्याच्याच माणसाची असती," ते म्हणाले. तसं होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. अण्णांची मात्र पक्की खात्री होती.

या जत्रेचं नाव घेतलं की दोन खाद्यपदार्थांची नावं आपसूक पुढे येतात: डल्स आणि यलोमन. जॉन हेन्री मॅकॉली नावाचा बॅलीकॅसलचाच एक कारागीर होता, दलदलीत हजारो वर्षं गाडल्या गेलेल्या काळ्या ओकच्या लाकडावर तो कोरीवकाम करायचा. त्याने या जत्रेवर एक गाणं रचलं, त्यात ही जोडी आली आणि कायमची चिकटली.

डल्स म्हणजे समुद्रातलं जांभळट-लाल शेवाळ. मोठ्या ओहोटीला जेव्हा एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात, तेव्हा ते हातानं उपटतात आणि उन्हात पसरून वाळवतात. इथे 'उन्हात' हा शब्द जपून वापरावा लागतो. सलग कोरडे दिवस मिळाले नाहीत तर शेवाळ कुजतं, म्हणून हे काम उन्हाळ्यातलं, आणि म्हणून ऑगस्टअखेरच्या या जत्रेला ताजं वाळवलेलं डल्स मुबलक असतं. कागदाच्या पिशवीत घालून देतात, कच्चंच खायचं. तोंडात टाकल्यावर आधी नुसतं मीठ लागतं, मग चामड्यासारखं चिवट काहीतरी, आणि बरंच चावल्यावर मागून एक खमंग चव येते. ती चव आवडायला बहुतेक इथे जन्मावं लागतं. आसपासची लहान मुलं मात्र वेफर्स खावेत तशी ते खात होती.

अण्णांनी पिशवीत नाक घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "हे मासळी न्हाई ना?"

"नाही. समुद्रातली भाजी आहे."

"जीव न्हाई ना यात?"

मी विकणाऱ्या बाईंना विचारलं, यात प्राणिजन्य काही नसतं ना. त्यांनी प्रश्नाचा अगदी मनापासून विचार केला आणि म्हणाल्या, कधीकधी बारकी गोगलगाय निघते, आधी झटकून घ्या. हे भाषांतर करावं की नाही या विचारात मी होते, तोवर अण्णांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. उरलेलं डल्स मीच खाल्लं. संपवलं, म्हणजे आवडलंच असणार.

यलोमनला मात्र त्यांची हरकत नव्हती. साखर, गोल्डन सिरप, लोणी आणि थोडं व्हिनेगर एकत्र करून पाक करायचा, तो गोळीबंदच्याही पुढे, पाण्यात टाकला की कडकन मोडेल इतका वर न्यायचा, आणि मग त्यात खायचा सोडा टाकायचा. सोडा पडताक्षणी पाक फसफसून वर येतो. तो फेस ट्रेमध्ये ओतला की गार होताना त्यातले बुडबुडे तसेच जागच्या जागी कडक होतात. पिवळाधमक, सच्छिद्र, पण दगडासारखा. दुकानदार त्याच्या लादीवर हातोडी मारतो आणि पडतील ते तुकडे वजन करून देतो. या कडकपणाच्या बाबतीत बॅलीकॅसलचे लोक अभिमानी आहेत. इतरत्र मिळणारी मऊ, ठिसूळ जात ते जमेत धरत नाहीत. अण्णांची कवळी असल्यामुळे चावायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी एक खडा गालात धरला आणि पुढचा तासभर बोलणं कमी झालं. डल्सनं तोंड खारट झाल्यावर यलोमन खायचं, असा तिथला क्रम आहे. एकदा करून बघितला, त्यात तथ्य आहे.

जत्रा किती जुनी, यावर गावात वेगवेगळे आकडे ऐकायला मिळतात. मोकळेपणानं सांगायचं तर सतराव्या शतकापासून, एवढं म्हणणं पुरे. तेव्हा हा मुलूख मॅकडॉनेल घराण्याकडे होता. सॉर्ली बॉय मॅकडॉनेल हा त्यातला नावाजलेला पुरुष १५९० मध्ये वारला, आणि त्याचा मुलगा रँडल १६२० मध्ये अँट्रिमचा पहिला अर्ल झाला. हे लोक अर्धे आयर्लंडचे, अर्धे स्कॉटलंडचे. किनाऱ्यावर उभं राहिलं की कारण समजतं. स्वच्छ दिवशी समोर स्कॉटलंडचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. टॉर हेडच्या टोकापासून तो सुमारे २० किलोमीटर. बेलफास्टला बैलगाडीनं जाण्यापेक्षा होडीनं स्कॉटलंडला जाणं सोपं होतं, आणि जत्रेला तिकडची माणसं होड्यांतून यायची. लॅमस म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीचा, नव्या पिकाचा सण. ख्रिस्ती धर्म येण्याआधी याच दिवसांत इथे लू नावाच्या देवाचा उत्सव असायचा. आयर्लंडच्या बऱ्याच जुन्या जत्रा याच सुमाराला भरतात. दक्षिणेला केरीमध्ये किलॉर्गलिन नावाचं गाव आहे, तिथे १० ते १२ ऑगस्टला पक फेअर असते. तिथे डोंगरातला एक रानबोकड पकडून आणतात, त्याला राजा करतात, डोक्यावर मुकुट ठेवतात आणि चौकात उंच मचाणावर बसवतात. खाली लोक पीत असतात, वर राजा पाला खात असतो. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "शेवटी कापत न्हाईत ना?" कापत नाहीत, पुन्हा डोंगरात सोडतात. "मग बरं हाय."

फेअरहिल स्ट्रीटकडे वळलो तसा वास बदलला. तळणाऱ्या बटाट्यांचा आणि कांद्याचा वास मागे राहिला, लीद आणि ओल्या चामड्याचा सुरू झाला. अण्णांची चाल आपोआप जलद झाली. इथे घोड्यांचा बाजार असतो. पूर्वीच्या मानानं लहान, पण नावापुरता नव्हे. बहुतेक घोडी अबलख, म्हणजे पांढऱ्यावर काळे किंवा तांबूस मोठे पट्टे असलेली. बुटकी, रुंद छातीची, गुडघ्याखाली खुरांवर झालरीसारखे केस लोंबणारी. विकणाऱ्यांत बरेचसे आयरिश ट्रॅव्हलर, म्हणजे पिढ्यानपिढ्या फिरत राहिलेल्या समाजातले. दहा-बारा वर्षांची पोरं खोगिराशिवाय घोड्यावर टांग टाकून गर्दीतून दौडत जात आणि मागून कुणीतरी "बॅक! बॅक!" ओरडे. गर्दी दोन्ही भिंतींना चिकटे आणि पुन्हा मधे येई.

अण्णा एका शिंगराशेजारी थांबले. मालकाकडे बघून त्यांनी स्वतःच्या ओठाला बोट लावलं. मालकानं मान डोलावली, घोड्याचा ओठ वर केला. दोघांत एक शब्दही झाला नव्हता. आमच्याकडे बैलाचं वय असंच सांगतात: आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. दात बदलायच्या आधीचा, दोन बदललेला, चार, सहा, आणि मग पूर्ण. अण्णांनी वाकून बघितलं आणि आश्चर्यानं माझ्याकडे वळले. "ह्याला वरबी दात हायत!" बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. आयुष्यभर शेकडो तोंडं बघितलेल्या माणसाला सत्तरीत ही नवीन माहिती मिळाली, आणि त्याचा आनंद त्यांना पुढे दिवसभर पुरला. घोड्याला मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास येते, पाच वर्षांपर्यंत सगळे पक्के होतात, हे मी मालकाला विचारून सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात बैलाच्या हिशेबाशी ताडून पाहिलं. "जवळजवळ तसंच की."

आता प्रत्येक घोड्याला पासपोर्ट लागतो आणि मानेत मायक्रोचिप असते, हेही मालकानं सांगितलं. अण्णांनी स्वतःच्या व्हिसासाठी किती कागद गोळा केले होते, ते मला आठवलं आणि त्यांनाही. "बोटांचे ठसे घेत्यात का?" त्यांनी विचारलं. हे मी भाषांतरित केलं. मालक मोठ्यानं हसला आणि खूर वर उचलून दाखवला.

मग सौदा सुरू झाला. आमच्याशी नव्हे, एका उंच, हिरव्या जाकिटातल्या शेतकऱ्याशी. शेतकऱ्यानं घोडीभोवती फेरी मारली, तिला चालवून बघितलं, एक पाय उचलून बघितला, आणि नऊशे म्हणाला. मालक बाराशे म्हणाला आणि आभाळाकडे बघू लागला. शेतकरी निघाला. तो दहा पावलं गेला असेल नसेल, तेवढ्यात तिसराच एक माणूस, टोपीवाला, कुठून तरी उगवला, त्यानं शेतकऱ्याची बाही धरली आणि ओढत परत आणला. याचा घोडीशी काही संबंध नव्हता. किंवा असेल. आयरिश बाजारात असा मध्यस्थ नेहमी असतो. कधी भाडोत्री, कधी हौशी. तो दोघांनाही शिव्या घालतो. एकाला म्हणतो, तू कंजूष आहेस. दुसऱ्याला म्हणतो, तू वेडा आहेस. मधेच मालकाचा हात पकडून शेतकऱ्याच्या तळव्यावर आपटायला जातो, शेतकरी हात मागे घेतो. पुन्हा पकडतो. आम्ही उभे होतो तिथे बघता बघता रिंगण झालं. प्रत्येकाला मत होतं. मागून एक म्हातारा ओरडला, फरक अर्धा अर्धा करा आणि जेवायला जा.

अण्णा अस्वस्थ झाले. "एवढ्या लोकांत भाव बोलत्यात?"

त्यांची अस्वस्थता मला समजत होती. खरसुंडी-पुसेगावच्या यात्रेतले जनावरांचे बाजार मी लहानपणी त्यांच्या खांद्यावरून बघितले आहेत. तिथे भाव बोलत नाहीत. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, समोरच्याचा हात हातात घेतो, वरून रुमाल नाहीतर उपरणं टाकतो आणि आत बोटं दाबतो. किती बोटं, कुठलं पेर, त्यावरून आकडा. बघणाऱ्याला फक्त दोन माणसांचे चेहरे दिसतात, आणि ते चेहरेही दगडाचे. शेजारच्या दावणीला कळता कामा नये की हा बैल कितीला गेला. नाहीतर त्याच्या बैलाचा भाव तिथेच ठरला.

इथे सगळंच उलटं. हात उघडे, आवाज मोठा, आणि गर्दी साक्षीला. शेवटी टोपीवाल्यानं दोघांचे तळवे धरून एकमेकांवर आपटले, आणि या वेळी कुणी हात मागे घेतला नाही. एक हजार पन्नास. मालकानं आपटण्याआधी तळहातावर थुंकल्यासारखं केलं, ते खरं थुंकणं होतं की पाहुण्यांसाठी केलेला अभिनय, मला ठरवता आलं नाही. गर्दी पांगली. मलाही वाटलं, झालं.

झालं नव्हतं. शेतकऱ्यानं नोटा मोजून दिल्या. मालकानं त्या पुन्हा मोजल्या, खिशात घातल्या. मग त्यातल्याच काही नोटा बाहेर काढल्या, घडी केली, आणि शेतकऱ्याच्या हातात सरकवल्या. शेतकऱ्यानं न बघता खिशात टाकल्या. याला लकपेनी म्हणतात. विकणाऱ्यानं मिळालेल्या पैशांतून थोडे गिऱ्हाइकाला परत द्यायचे, जनावर त्याला लाभावं म्हणून. नाव पेनी असलं तरी रक्कम व्यवहाराच्या मानानं असते. जनावरांच्या बाजारात ही रीत सगळ्या आयर्लंडभर जुनी आहे, आणि न देणारा माणूस पुढच्या बाजारात लक्षात ठेवला जातो.

अण्णांनी ते बघितलं होतं. नोटा किती, ते त्यांनाही दिसलं नव्हतं. ते बराच वेळ गप्प होते. गालात यलोमन होतं, पण त्यामुळे नसावं. आम्ही उतारावरून खाली चालायला लागल्यावर बोलले.

"एक हजार पन्नासला गेली असं सगळ्यांनी ऐकलं."

"हो."

"आणि खरी कितीला गेली, ते त्या दोघांनाच ठाव."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी लकपेनीकडे शुभेच्छा म्हणून बघत होते, थोडं कौतुकानं, जसं आपण परक्यांच्या चालीरीतींकडे बघतो. अण्णांनी ती हेड्याच्या नजरेनं बघितली. मालक घरी जाऊन सांगणार, हजाराच्या वर घेतले. शेतकरी घरी जाऊन सांगणार, हजाराच्या आत आणली. दोघंही खरं बोलणार. रिंगणातल्या माणसांना आपण सौदा घडवला असं वाटणार. आणि शेजारच्या दावणीला जो आकडा कळला, तो खरा नाही. आमच्याकडे रुमाल आधी टाकतात, इथे सगळं उघड्यावर बोलून झाल्यावर शेवटी टाकतात.

अण्णा स्वतः बैल विकायचे तेव्हा दावं देत नसत. बैल नव्या मालकाच्या दाव्याला बांधायचा, आपलं दावं घरी आणायचं, गोठ्यात खुंटीला अडकवायचं. घरची बरकत बैलामागं जाऊ नये म्हणून. मी त्यांना विचारलं, की इथला माणूस विकताना जास्तीचं देऊन टाकतो आणि आपण मागे ठेवतो, हे उलट नाही का? ते म्हणाले, "त्याला पुढच्या साली तोच गिऱ्हाईक पायजे आसंल. मला बैल विकायचाच नसायचा." यावर मी काही बोलले नाही. बैल विकायची वेळ का यायची, ते मला माहीत होतं.

२०२० मध्ये करोनामुळे ही जत्रा भरली नाही. त्याबद्दल बोलताना इथले लोक अजून आवाज खाली आणतात, हे मला आधी जरा नाटकी वाटायचं. मोजे तर ऑनलाइन मिळतात, घोड्यांच्या जाहिरातीही फोनवर असतात. पण टोपीवाला माणूस फोनवर मिळत नाही. कुणाचाही हात धरून ओढायचा अधिकार त्याला वर्षातून दोनच दिवस असतो.

समुद्रावर पोचलो तेव्हा वारा सुटला होता. समोर रॅथलिन, उजवीकडे फेअर हेडचा उभा कडा. रॅथलिन इथून दहा किलोमीटरच्या आत आहे. १८९८ च्या उन्हाळ्यात मार्कोनीच्या माणसांनी हे गाव आणि ते बेट यांच्यात बिनतारी संदेश पाठवून दाखवला. लंडनच्या लॉइड्स या विमासंस्थेला जहाजांच्या बातम्या लवकर हव्या होत्या, आणि धुक्यात बेटावरचे झेंडे दिसत नसत, म्हणून हा खटाटोप. बंदरावर त्याचं स्मारक आहे. किनाऱ्यावर हंसांचंही एक शिल्प आहे. आयरिश पुराणकथेत लिर राजाच्या चार मुलांना सावत्र आई हंस करून टाकते, आणि त्यांच्या नऊशे वर्षांच्या वनवासातली तीनशे वर्षं याच सामुद्रधुनीच्या थंड पाण्यात जातात. लोक शिल्पाला टेकून चिप्स खात होते. अण्णांनी दोन्ही स्मारकांना सारखाच, म्हणजे अगदी थोडा वेळ दिला. त्यांचं लक्ष की रोडवरच्या एका टपरीकडे होतं. तिथे पान्यांचे संच मांडले होते.

पत्र्याच्या डब्यात ओळीनं लावलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्यांनी एकेक काढून बघितला, आकडे वाचले, दोन पाने एकमेकांवर वाजवले. टपरीवाला पंधरा म्हणाला. अण्णांनी दोन्ही हातांची बोटं पसरून दहा दाखवली. टपरीवाल्यानं मान हलवली आणि तेरा केले. अण्णांनी माझ्याकडे न बघता पैसे काढले, मोजून दिले, डबा काखेत मारला आणि हात पुढे करून तिथेच उभे राहिले.

टपरीवाल्याला कळेना. मी ओशाळून सांगितलं, की माझे वडील वर घोड्यांचा बाजार बघून आलेत आणि त्यांना लकपेनी हवी आहे.

तो हसला नाही. त्यानं अण्णांकडे नीट बघितलं, गळ्यातली माळ बघितली, काखेतला डबा बघितला, आणि अगदी व्यवहारी सुरात म्हणाला, "त्यांना सांगा, घोडा रात्री मरू शकतो. पाना मरत नाही."

मी सांगितलं. अण्णांनी क्षणभर विचार केला, हात मागे घेतला आणि मान्य असल्यासारखी मान डोलावली. परत जाताना गाडीत त्यांनी डबा मांडीवरच ठेवला. विमानात सामानाचं वजन जास्त भरलं, तेव्हा माझ्या आईसाठी घेतलेलं ब्लँकेट बाहेर निघालं, पाने गेले.